सोनुनची स्टेशनं

नारिन, १२ नोव्हेंबर

प्रिय जिपार,

आज सकाळी कोळसा आला. तो मागच्या खोलीत भरला. दुपारी बाजारात जाऊन दुरुस्तीवाल्या बाईकडून कॉम्प्युटर परत आणला. संध्याकाळी बटाटे उकडले. दिवसभर बर्फ पडलं नाही.

परवा तू फोन केलास तेव्हा मी नीट बोललो नाही. फोन हातात आला की मला काही सुचत नाही. म्हणून हे मेलवर लिहितो.

तू म्हणालीस की सोनुन गेल्यावर तुझ्या या बहिणीचे कपडे वाटले तेव्हा तुला नोवोसिबिर्स्कहून येता आलं नाही, आणि तुझा वाटा अजून माझ्याकडे आहे. ते खरं आहे. माझ्या थोरल्या बहिणीने, तुर्सुनने, तुझ्यासाठी राखाडी शाल बाजूला ठेवली होती. पण तुला शाल नको, सोनुनची रेडिओ स्टेशनं हवीत. माझी ना नाही. पण कॉम्प्युटरच नीट चालत नाही.

सोनुनचा कॉम्प्युटरवरचा तो लाल चिन्हाचा रेडिओ तुला आठवत असेल, तूच तिला तो लावून दिला होतास. आता तो मधेच आपोआप बंद पडतो. दुरुस्तीवाल्या बाईने सांगितलं की हा प्रोग्राम आता कोणी सांभाळत नाही, थोड्या दिवसांत उघडणारही नाही. तिने शेजारी एक निळा प्रोग्राम टाकून दिला. म्हणाली, "काका, लाल खिडकीतलं स्टेशन माऊसने धरायचं, निळ्या खिडकीवर ओढत न्यायचं आणि सोडायचं. इतकंच. माझी आईसुद्धा करते."

मी घरी येऊन पहिलं स्टेशन धरलं आणि ओढलं. ते निळ्यात गेलं नाही. लाल यादीतूनही दिसेनासं झालं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ते मधेच, पडद्यावर, पांढऱ्या कागदासारखं चिन्ह होऊन पडलं आहे. त्याला परत लालमध्ये टाकता येईना. मी कॉम्प्युटर बंद केला.

उरलेल्यांना हात लावायची भीती वाटते. हे सरकवल्यावर इथे काही राहतं की नाही, ते कळव.

शारशेन

*

नोवोसिबिर्स्क, १४ नोव्हेंबर

जेझ्दे,

बहिणीचा नवरा मला एवढं लांब पत्र लिहील असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याचे दात फुकट बसवून दिले असते. इथे आमच्या कवळ्या बनवायच्या दंतशाळेत सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, हा माणूस लग्नाला तीस वर्षं झाली तरी माझ्याशी "हं" आणि "बरं" एवढंच बोलला आहे.

चिडू नका. मेहुणीने जेझ्देला चिडवायचंच असतं, शोक असला तरी तो हक्क जात नाही. माझी थोरली सोनुन एजे असती तर म्हणाली असती, अजून दोन टोमणे मार, त्याशिवाय हा ऐकत नाही.

आता शहाण्यासारखं ऐका. स्टेशन मधेच पडलं, कारण तुम्ही बोट लवकर उचललंत. डोलोन घाटावर तीस वर्षं बर्फ लोटलंत, अर्ध्या रस्त्यात गाडीचा नांगर वर उचलता का? नाही ना? तसंच हे. पार निळ्या यादीच्या आत न्या, तिथे एक बारीक रेघ उमटेल, मग सोडा.

आणि ओढताना डाव्या हाताने कंट्रोलचं बटण दाबून ठेवा. मग लालमध्येही राहील आणि निळ्यातही जाईल. तुम्हाला हेच हवंय ना? मला देऊन तुमच्याकडेही राहायला हवं. हे मला तुमच्या पत्रातून कळलं, तुम्ही लिहिलं नसलं तरी.

शाल तुर्सुन एजेंनाच घालू द्या. त्यांच्या रंगाला ती शोभते, उंदरासारखी.

तुमची मेहुणी,
जिपार

*

नारिन, १९ नोव्हेंबर

प्रिय जिपार,

तीन दिवस वारा होता. वीज जात-येत होती. आज आहे.

तू सांगितलंस तसं कंट्रोलचं बटण दाबून ओढलं. रेघ उमटली. स्टेशन निळ्यात गेलं, लालमध्येही राहिलं. मला बरं वाटलं. पण निळ्यात ते वाजत नाही. नुसतं नाव गेलं आहे, पत्ता गेलेला नाही. त्यावर टिचकी मारली की "सापडत नाही" असं येतं. सगळ्या स्टेशनांचं असं केलं. सगळी नावं निळ्यात आहेत आणि एकही वाजत नाही.

मग ती काढून टाकली आणि बटण न दाबता एक ओढलं. ते वाजलं. पण लालमधून गेलं.

म्हणजे वाजायला हवं असेल तर इथून जायला हवं, आणि इथे राहायला हवं असेल तर तिथे वाजणार नाही. असली वस्तू बनवणाऱ्या माणसाला एकदा हिवाळ्यात घाटावर उभं करायला हवं.

मी दुरुस्तीवाल्या बाईला फोन केला. ती म्हणाली, "काका, लालमध्ये ठेवून करायचं काय? तो मरतोच आहे." मी फोन ठेवला.

तुझ्या पत्रात तू म्हणतेस की मला दोन्हीकडे हवं आहे. तसं काही नाही. फक्त सोनुनने ती ज्या क्रमाने लावली होती तो क्रम लालमध्ये आहे. निळा प्रोग्राम प्रत्येक नवीन स्टेशन घेतलं की सगळी नावं अक्षरांप्रमाणे लावून टाकतो. मी ओढून खाली नेलं तर ते उडी मारून परत वर जातं. आज दुपारचा सगळा वेळ त्यातच गेला. मान आखडली आहे.

ती दिवसभर लोकरीचा नमदा शिवत बसायची आणि एकामागून एक स्टेशन लावायची. घाटावर माझी एक आठवडा पाळी, सकाळी जाऊन रात्री परत, आणि एक आठवडा घर. घरी असलो तरी दिवसा झोप किंवा गाडीची कामं. ती कधी काय लावायची हे मी पाहिलेलं नाही. क्रम तेवढा आहे.

शारशेन

*

नोवोसिबिर्स्क, २१ नोव्हेंबर

जेझ्दे,

तुमचं पत्र वाचून मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

असं करा. पडद्यावरच्या लाल यादीचा फोटो काढून ठेवा, म्हणजे क्रम राहील. मग सगळी स्टेशनं एकदम निवडा आणि एकदम ओढा. एकेक ओढत बसू नका, तुमची मान मला इथून दुखते. ती निळ्यात वाजायला लागली की तिथून सगळी परत निवडून रिकाम्या पडद्यावर ओढा. त्यांची मिळून एक फाइल होईल. ती मेलला जोडून मला पाठवा. मी इथे माझ्या प्रोग्राममध्ये टाकते. मला एजेचा दिवस चांगला माहीत आहे, रोज नमदा शिवताना ती मला फोन लावून बाजूला ठेवून द्यायची. मी इथे दात घासत असायचे. लोकांचे दात, माझे नव्हे.

जाईल सगळं नीट. लोखंडी नांगर आहात, एवढं काय घाबरता?

जिपार

*

नारिन, २ डिसेंबर

प्रिय जिपार,

काल पहिलं मोठं बर्फ झालं. सकाळी दारापासून फाटकापर्यंत वाट काढली. नंतर कॉम्प्युटरपाशी बसलो.

फोटो काढायला माझ्या साध्या फोनला कॅमेरा नाही. म्हणून लाल यादी कागदावर लिहून काढायला बसलो. अर्ध्यात आलो आणि लाल प्रोग्राम बंद पडला. परत उघडला तेव्हा मला वाटलं की आता उशीर केला तर सगळंच जाईल. म्हणून सगळी निवडली आणि ओढली. गेली. वाजतात.

लाल आता रिकामा आहे. पांढरी खिडकी उघडते आणि काही नसतं.

निळ्याने सगळी अक्षरांप्रमाणे लावली. कागदावर लिहिलेला अर्धा भाग मी जुळवायला गेलो, पण लालमध्ये सोनुन त्यांना स्वतःची नावं द्यायची आणि निळा त्यांची खरी नावं दाखवतो. "लांबचा पाऊस" म्हणून मी लिहिलं आहे, ते निळ्यात कोणतं ते मला कळत नाही. "पुरुषमंडळी" म्हणून एक आहे. "त्याचं" म्हणून एक आहे. कोणाचं ते लिहिलेलं नाही. कागद निरुपयोगी आहे. मी तो चुलीत टाकला.

फाइल जोडली आहे. तुझा वाटा तुला पोहोचला असं समजतो. क्रम लावून परत पाठव.

शारशेन

*

नोवोसिबिर्स्क, ४ डिसेंबर

जेझ्दे,

पोहोचली. मी लगेच कामावर इअरफोन घालून बसले. पहिलंच स्टेशन लागलं आणि बाजूची मुलगी म्हणाली, जिपार, तू कोणाच्या कवळीवर रडते आहेस? म्हटलं, गिऱ्हाइकाची दया आली.

बघा, मी क्रम लावला आहे, जितका आठवतो तितका. सकाळी चहाबरोबर बिश्केकचं, कोमुझच्या तारांवालं. मग नमदा कापताना तिबिलिसीचं, ते बरेच बाप्ये मिळून गातात ते. दुपारी लिस्बनची ती बाई, जिच्या आवाजावर एजे म्हणायची की हिचा नवराही घाटावर असणार. तिसऱ्या प्रहरी अल्माटीच्या गोष्टी. संध्याकाळी काही नाही, संध्याकाळी तिला कान मोकळे लागायचे.

आणि शेजारणीने भांडं भरून काही पाठवलं तर आपण ते रिकामं परत देतो का? एजेने मला कधी रिकामा डबा परत घेऊन जाऊ दिलं नाही. म्हणून मीही तुमच्या फाइलमध्ये माझी चार स्टेशनं घातली आहेत. कोणती ते सांगणार नाही. ओळखा. मेहुणीने जेझ्देला कोडं घालायचं असतं. ओळखलीत तर राखाडी शाल मी घेते, नाही ओळखलीत तर मला पिठाचे बोरसोक तळून पाठवायचे, स्वतःच्या हाताने.

फाइल निळ्यात टाका. नाव तेच ठेवलं आहे.

जिपार

*

नारिन, ९ डिसेंबर

जिपार,

तुझी फाइल उतरवताना कॉम्प्युटरने विचारलं की या नावाची फाइल आहे, ती बदलायची का. मी हो म्हटलं. नंतर ती ओढून निळ्यात टाकली. निळ्याने तुझा क्रम घेतला नाही. पुन्हा सगळं अक्षरांप्रमाणे लावलं, आणि तुझी चार त्यात मिसळली.

आता माझ्याकडे लाल रिकामा आहे, पहिली फाइल गेली आहे, आणि निळ्यात तुझं काय आणि तिचं काय हे कळायला मार्ग नाही.

तू हे चेष्टेत केलंस हे मला माहीत आहे. भांडं रिकामं देत नाहीत हेही माहीत आहे. पण मी तुला भांडं दिलं नव्हतं. तुझ्या बहिणीचे कपडे वाटले तेव्हा कोणी त्यात आपला कपडा मिसळून कोडं घातलं नाही.

पाच दिवस मी एकेक स्टेशन ऐकत बसलो. मी चार ओळखली आणि काढून टाकली. एक इंग्रजी, त्यात माणसं ओरडतात. एक कोरियन गाण्यांचं. एक फुटबॉलचं. आणि चौथं ते बिश्केकचं, टायरच्या जाहिरातींचं, ज्यावर दुपारी घाटरस्त्यांची खबर वाचतात. डोलोन, तेओ आशू असे सगळे घाट, कुठे चाकांना साखळ्या लावायच्या, कुठे बंद. ते लागलं तेव्हा मला तुझी चेष्टा कळली. लोखंडी नांगराला नांगराची खबर. तीस वर्षं दीड वाजता मीच ती खबर फोनवरून द्यायचो, दोनला ते वाचायचे. वर्ष पूर्ण होईपर्यंत असलं काही करायला नको होतंस.

चारही काढली. बोरसोक मला तळता येत नाहीत.

शारशेन

*

नारिन, २८ डिसेंबर

प्रिय जिपार,

तुझं उत्तर आलं नाही. मागच्या पत्रात मी जास्त बोललो. तुर्सुन परवा आली होती, तिला सांगितलं, तर म्हणाली, "बोलायचं नाही बोलायचं नाही आणि बोललास की नांगर. अशाने कोण उत्तर देईल?" तीच राखाडी शाल घालून आली होती.

निळा आता सुधारला आहे. दुरुस्तीवाल्या बाईने फोनवर सांगितलं की यादीच्या डोक्यावर "नाव" असं लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारली की तो अक्षरांप्रमाणे लावायचं सोडतो. इतके दिवस हे कोणी सांगितलं नव्हतं. आता ओढून जिथे ठेवतो तिथे राहतं. तुझ्या चार तारखेच्या पत्रातला क्रम बघून लावला. सकाळी कोमुझ, मग तिबिलिसी, मग लिस्बन.

एक स्टेशन मात्र तुझ्या पत्रात कुठे बसत नाही. त्यावर दिवसभर अकॉर्डियन वाजतं, सैबेरियाच्या लग्नांत वाजतं तसं, फार मोठ्याने. आधी वाटलं, हे तिचं कसं असेल. पण चार काढल्यावर हे उरलं, म्हणजे तिचंच. मी ते लिस्बननंतर ठेवलं आहे आणि रोज ऐकतो. तिला अकॉर्डियन आवडायचं हे मला कधी कळलं नाही. घरात एवढी वर्षं राहून कळलं नाही. सुरुवातीला डोकं दुखायचं. आता सवय झाली. काल एक चाल ओळखीची वाटली.

ते दिवसाच्या कोणत्या वेळेला लावायची, तेवढं कळवलंस तर योग्य जागी ठेवीन. बाकी काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

शारशेन

*

नोवोसिबिर्स्क, ११ जानेवारी

जेझ्दे,

मी रागावले नव्हते. तुमचं नऊ तारखेचं पत्र वाचलं आणि काय लिहायचं ते कळेना. रोज लिहायला बसायचे आणि खोडायचे. वाटायचं, तुमचं तुम्हाला कधीतरी लक्षात येईल. मग तुमचं अकॉर्डियनचं पत्र आलं. आता न लिहून चालणार नाही.

अकॉर्डियन माझं आहे. एजेला ते मुळीच सोसायचं नाही. माझ्याकडून फोनमध्ये ऐकू आलं की म्हणायची, "तुझं ते बकरं कापणं झालं की फोन कर," आणि ठेवून द्यायची. तुम्ही ते रोज, योग्य जागी ठेवून, डोकं दुखेपर्यंत ऐकत बसलात. जेझ्दे, हे वाचून मी हसले आणि मग शौचालयात जाऊन दार लावून घेतलं. तुम्ही इतकं सोसायला नको होतं.

इंग्रजी माझं. कोरियन माझं. फुटबॉल माझं. अकॉर्डियन माझं. झाली चार.

घाटरस्त्यांचं माझं नाही.

मी नोवोसिबिर्स्कला बसून बिश्केकचे टायर कशाला ऐकेन? ते मी तुम्हाला क्रम लिहून पाठवला त्यातही विसरले, कारण त्या वेळेला मी कधी फोनवर नसायचेच. दोन वाजता एजेला फोन करायचा नाही असा नियम होता. पहिल्यांदा मी चुकून केला तर म्हणाली, "थांब गं, त्याचं वाचताहेत." मी म्हटलं, कोणाचं? तर फोन ठेवून दिला. एकदा मी हट्टाने फोन चालूच ठेवायला लावला. मलाही ऐकू आलं. एक बाई सपाट आवाजात वाचत होती, डोलोन, हिमवारा, वाळू टाकली आहे, वाहतूक सुरू. एजे म्हणाली, "वाळू टाकली म्हणजे केबिनमधून खाली उतरला. आता पाठ धरणार. तेल गरम करून ठेवते." एवढंच बोलली आणि लिस्बन लावलं.

दीड वाजता तुम्ही फोन करायचात. घरी नाही, कचेरीत, कारण घाटावरचा तो फोन कामापुरताच होता. मग दोन वाजता ते वाचायचे आणि ती ऐकायची. तुम्ही घरी असलेल्या आठवड्यात लावायची नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "घोरतोय ना आत, मग कशाला?"

तुमच्या कागदावर "त्याचं" म्हणून लिहिलं होतं, ते तेच असणार.

तुम्ही ते काढून टाकलंत यात तुमचा दोष नाही. कोडं मी घातलं. मी घालायला नको होतं. मेहुणीचा हक्क वगैरे ठीक आहे, पण मला तिच्या जाण्यावर रडण्यापेक्षा चेष्टा करणं सोपं जात होतं आणि तुमच्याखेरीज चेष्टा करायला कोणी राहिलं नाही.

आता ऐका, आणि या वेळी बोट लवकर उचलू नका. मी ते तुम्हाला पाठवू शकते, पण पाठवत नाही. कारण ते तुमच्याकडेच आहे. तुम्ही दोन डिसेंबरला मला मेल लिहिली, तिला जोडलेली फाइल तिथेच आहे, तुमच्या पाठवलेल्या पत्रांत. पाठवलं म्हणून ते तुमच्याकडून गेलं नाही. तेवढं एकच स्टेशन तिच्यातून ओढून घ्या. बाकीच्यांना हात लावू नका.

बोरसोक राहू द्या. तुम्ही हरलात तरी.

जिपार

*

नारिन, २० जानेवारी

प्रिय जिपार,

आठवडाभर बर्फ होतं. छतावरचं दोनदा काढलं. कोळसा पुरतो आहे. तुर्सुनला थोडा दिला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी पाठवलेली पत्रं उघडली. तुला लिहिलेली सगळी तिथे ओळीने होती. मला वाटायचं पाठवलं की जातं. दोन तारखेचं उघडलं, फाइल खाली उतरवली. या वेळी कॉम्प्युटरने बदलायची का विचारलं तेव्हा नाही म्हटलं. त्याने तिला दुसऱ्या नावाने ठेवलं.

तू म्हणालीस तसं एकच स्टेशन ओढलं. निळ्यात सोडलं तर ते यादीच्या तळाशी जाऊन बसलं. धरून वर आणलं. तिबिलिसीच्या वर गेलं. परत खाली आणलं, लिस्बनच्या खाली गेलं. मधे काही केल्या राहीना. मला इतका राग आला की माऊस टेबलावर आपटला आणि त्याचं बटण आत गेलं. बाजारात जाऊन नवीन आणला. दुरुस्तीवाल्या बाईने विचारलं, "काका, जुन्याला काय झालं?" मी म्हटलं, पडला. तिला खरं वाटलं नाही. म्हणाली, "सगळ्यांचा पडतो."

नवीन माऊसने केलं. तिबिलिसी आणि लिस्बनच्या मधे रेघ उमटली, मी सोडलं नाही, रेघ नीट दिसेपर्यंत धरून ठेवलं. मग सोडलं. राहिलं.

तुझं अकॉर्डियन काढलं नाही. सगळ्यात शेवटी ठेवलं आहे, अल्माटीच्या खाली. तिला सोसायचं नाही हे कळलं, पण आता मला सवय झाली आहे. इंग्रजी, कोरियन आणि फुटबॉलचं परत घेत नाही.

तू लिहिलंस ते वाचलं. तेल गरम असायचं. मला वाटायचं ती रोजच गरम करून ठेवते.

आज दोन वाजता ते स्टेशन लावलं. आधी टायरची जाहिरात झाली. मग बाईने वाचलं. तीच बाई आहे की दुसरी, मला ओळखता आलं नाही. तेओ आशू, साखळ्या. बोगद्यापाशी एकेरी वाहतूक. डोलोन, बर्फ साफ केलं आहे, उतारावर निसरडं, सावकाश चालवा. "सावकाश चालवा" असं मी कधी सांगितलं नाही. आता तिथे असेल तो मुलगा वेगळं सांगतो. "वाळू टाकली" म्हणाला नाही. उतारावर निसरडं असेल तर आधी वाळू टाकायला हवी आणि मग सांगायला हवं. कदाचित टाकली असेल आणि सांगितलं नसेल.

ते संपल्यावर लिस्बन लावलं. तिचा आवाज खोलीत चालू ठेवून मी चुलीतली राख बादलीत काढली. बाहेरच्या पायऱ्यांवर सकाळपासून बर्फ गोठलेलं होतं. वरच्या पायरीपासून सुरुवात करून फाटकापर्यंत राख टाकली. मग बादली झटकून भिंतीशी पालथी ठेवली आणि आत येऊन हे लिहिलं.

पेनड्राइव्हवर एक फाइल घेऊन ठेवली आहे. तू तिच्या वर्षपूर्तीच्या जेवणाला येशील तेव्हा देईन. तिचं क्रमाने सगळं आहे. डोलोन बंद असेल तर त्या दिवशी निघू नकोस, दोन वाजता आधी ऐक.

शारशेन